मालखान्यातली लोखंडी गोफण

ती घटना आठवली की आजही भाजी निवडता निवडता मला एकटीलाच हसू येतं आणि सून आतून विचारते, "आई, काय झालं?" तिला दहा वेळा सांगून झालं, आता तुम्हाला सांगते. नावं कोणाची घेणार नाही. चूक मात्र माझी होती, ती माझ्याच नावावर राहू द्या.

मी बारावी पास होऊन आरक्षक, म्हणजे साधी शिपाई म्हणून भरती झाले. कायदा कोणी वर्गात बसवून फारसा शिकवला नाही. पंचनामे लिहिता लिहिता आणि वरिष्ठांची बोलणी खाता खाता शिकले. हे घडलं तेव्हा शेवटची बढती मिळून मध्य प्रदेशातल्या सौसर-पांढुर्णा भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते आणि सेवानिवृत्तीला, म्हणजे आमच्याकडे बासष्टीला, चार महिने उरले होते. त्या चार महिन्यांत माणूस कसा वागतो माहीत आहे ना? दुधावरची साय सांभाळावी तसं सर्व्हिस बुक सांभाळतो.

आता गोटमारीबद्दल दोन शब्द सांगावे लागतील, नाहीतर माझी चूक तुम्हाला कळायची नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या करीला, पांढुर्ण्यात जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मधून दगड. हातानं फेकलेला दगड एखाद्या वेळी चुकवता येतो, गोफणीतला दिसतसुद्धा नाही. म्हणून गोफणीवर बंदीचा आदेश निघतो आणि पोळ्याआधीचा आठवडा आम्ही पोलीस गोफणी हुडकत फिरतो. कडब्याच्या गंजीत, गोठ्याच्या आढ्यावर, एकदा तर देवघरात नारळाखाली सापडली होती. त्या आठवड्यात आमच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. वाळत घातलेली नाडी दिसली तरी गोफण वाटते.

अशाच त्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी माझा मुखबिर, म्हणजे खबऱ्या आला. हा पानठेला चालवतो, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडातलं त्याला कळतं.

"मॅडमजी, मी सांगितलं म्हून सांगू नोका."

"आधी सांग तं खरं."

"रोडावरच्या मिस्त्रीनं मशीन बनवली. गोफणीची."

"काय बोलून राहिला तू?"

"डोळ्यानं पाहिलं जी. त्याच्या वाडीतून कोहळं उडालं. अख्खं कोहळं. आमच्या साळ्याच्या संत्र्याच्या झाडाईवरून गेलं अन् पलीकडं धपकन. त्याची म्हैस दोन दिवसापासून दूध देऊन नाई राहिली."

कोहळं म्हणजे लाल भोपळा, पाच किलोचा तर सहज असतो.

"आज कोहळं हाय," तो म्हणाला, "करीच्या दिवशी गोटा राहीन."

मी हसले नाही. रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या डायरीत, रवानगी टाकली आणि ठाण्याचे मुंशी, म्हणजे लिखापढी सांभाळणारे प्रधान आरक्षक, आणि चार शिपाई घेऊन निघाले.

मिस्त्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करणारा माणूस. चाळिशीतला, काटकुळा, कपाळावर चष्मा चढवलेला. टिनाच्या शेडमध्ये हिरव्या ताडपत्रीखाली ती वस्तू उभी होती. बैलबंडीच्या धुरेएवढी लांब लोखंडी पट्टी, तिरपी, खाली तीन पाय. पट्टीवर पुढेमागे घसरणारा एक पाळणा आणि मागे मनगटाएवढे जाड रबराचे पट्टे. मुंशींनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"मॅडम, एवढ्यानं तं अख्खा काठ साफ होईन."

मिस्त्री पळाला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "घेऊन चालले तं न्या. पण हिले उन्हात नोका ठेवू, रबर खराब होते." गोफणवाला असं बोलत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण म्हटलं ना, त्या आठवड्यात डोकं एकाच रुळावर चालतं.

मुंशींनी जप्ती पत्रकात लिहिलं, 'एक नग गोफण, लोखंडी, मोठी, चालू हालतीत.'

मी म्हटलं, "चालू हालतीत कायवरून?"

"कोहळं उडालं ना मॅडम."

उचलायला चौघांना लावलं होतं. दोघांनीच उचलली आणि बाकीचे दोघे हात पुसत उभे राहिले. "हलकी हाय बाप्पा," एक शिपाई म्हणाला, "आपल्या ढालीपेक्षा हलकी." हे वाक्यही मी कानाआड केलं. मिस्त्रीचा मोबाईल पाकिटात घालून लाखेनं सील केला, मशीन मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या खोलीत ठेवली, गुन्हा नोंदवला. माझ्या दृष्टीनं गोटमारीआधीची ती त्या वर्षातली सगळ्यात मोठी कारवाई होती. दुपारचं जेवण मला गोड लागलं.

जेवणानंतर चौकशीला बसले.

"कोणासाठी बनवली?"

"सांगता नाई येत मॅडम."

"कायले?"

"कागदावर सही केली हाय, का कोणाले सांगणार नाई."

"कोणाच्या कागदावर?"

"तेबी सांगता नाई येत. कागदातच तसं लिवलं हाय."

"पांढुर्ण्यासाठी का सावरगावसाठी?"

तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "तसं पाह्यलं तं दोघाईसाठी. साऱ्याईसाठीच म्हना."

मुंशींचा पेन थांबला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, हा दोन्ही काठाले माल देऊन राहिला."

"किती दूर फेकते?"

"हवा कशी हाय त्याच्यावर हाय."

"आजपर्यंत काय काय फेकलं?"

"कोहळे फेकले. दोन तरबूज फेकले. एकदा बायकोचा वरवंटा मांगितला होता, तिनं नाई देल्ला."

"अरे, पण घेणार कोण ही?"

"सरकार," तो हळूच म्हणाला आणि ठाण्यातले सगळे हसले. हवालातीतला एक दारुडासुद्धा हसला. मी म्हटलं, "सरकार कोणत्या काठावर उभं राहणार आहे?"

"मॅडम, तुमी चूक समजून राहिल्या. पण बरोबर काय हाय ते मी नाई सांगू शकत." मग तोच पुढे म्हणाला, "शुक्रवारपर्यंत सोडान का? मले नाई, मशीनले. शुक्रवारी सांजच्याले तिची गाडी हाय. नाई गेली तं दीड वर्षाचं सारं गेलं."

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. खोटं बोलणाऱ्याकडे गोष्ट तयार असते, विचारायच्या आधी सांगतो. जो सांगतच नाही तो एक तर घाबरलेला असतो, नाही तर कोणाला शब्द देऊन बसलेला असतो. घाबरलेला सारखा दाराकडे पाहतो. हा सारखा मालखान्याकडे पाहत होता, जसं घरातलं माणूस दवाखान्यात ठेवलं की आपण त्या खोलीकडे पाहतो. मला हे दिसलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. नोटीस देऊन त्याला घरी पाठवलं आणि रोज हजेरी लावायला सांगितलं.

बुधवारी सकाळपासून मालखान्यात फोन वाजायला लागला.

सील करताना बंद करायचा राहिला होता. वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. गाणंही कोणतं, तर हनुमानाची आरती. मुंशी दर वेळी नकळत हात जोडत होते. मी म्हटलं, "अहो, उचला ना, कोण आहे ते तरी कळंल."

"सील हाय मॅडम. कोर्टाच्या आदेशाबगर तोडता नाई येत."

"मंग बंद करा."

"बंद कराले तोडावं लागते."

बुधवारी दुपारपर्यंत त्या पाकिटानं आम्हाला आरती ऐकवली आणि मग त्याची बॅटरी संपली. ज्या एका फोननं सगळं उलगडलं असतं, तो आम्ही कायद्याप्रमाणे ऐकत बसलो.

तोवर बातमी दोन्ही काठांवर पोचली होती. आधी सावरगावकडचे पाच-सहा जण आले. "मॅडम, अशी मशीन त्याईच्याकडं हाय तं आमी काय हात हलवत राहाचं? आमालेबी परवानगी द्या." त्यांना समजावून पाठवते न पाठवते तोच पांढुर्ण्याकडचे आले. त्यांनी आधी मशीनचा निषेध केला. निषेध झाल्यावर त्यातले एक म्हातारे बुवा खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "जप्त झाली ते बरं झालं मॅडम. पण लिलाव कधी राहीन?"

मी त्यांना बाहेर काढलं तर बाकावर बसून त्यांची बैठक सुरू. म्हातारे म्हणाले, घडी झाली पाहिजे. दुसरा म्हणाला, घडी झाली तं बैलबंडीतबी मावली पाहिजे. तिसऱ्याला आवाज नको होता. चौथा म्हणाला, मागून आले तं उलटी फिरली पाहिजे. पाचव्यानं पावसासाठी वर छत मागितलं. सहावा तोवर गप्प होता, त्याला काहीतरी बोलणं भाग होतं, तो म्हणाला, छताले लाईट पाहिजे. अर्ध्या तासात त्यांनी मिळून गोफण नाही, दोन खोल्यांचं घर सांगितलं.

हजेरीला आलेला मिस्त्री दारात उभा राहून ऐकत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. "मॅडम, आमच्या कागदातबी सुरुवातीले असंच लिवलं होतं. बरफातबी चालावी, वाळवंटातबी चालावी, पाण्यात पडली तं तरंगावी, एका माणसानं उचलावी अन् खेचरानं..." आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

खेचर? गोटमारीत खेचर कुठून आलं?

तो गेल्यावर मी मालखाना उघडायला लावला. सीलला हात न लावता, टॉर्च धरून ती मशीन पहिल्यांदा नीट पाहिली. आधी पाहायला हवी होती, मान्य. पाळण्याच्या आत स्पंज होता, स्पंजवर मऊ कापड आणि कापडाला बारीक टाके. हातानं घातलेले, बाईच्या हातचे. बाळाच्या दुपट्याला घालतो तसे.

मी मुंशींना विचारलं, "दगडाला गादी कोण देते?"

त्यांनी वाकून पाहिलं. "दगडाले लागू नये म्हून?" ते म्हणाले, आणि परत वाकून पाहू लागले.

गुरुवारी सकाळी मी साध्या साडीत मिस्त्रीच्या घरी गेले. तो वाडीत गेला होता. त्याची बायको शेडमध्ये झाडत होती. मला पाहून झाडणं थांबवलं नाही.

"या बाई. आता काय न्याचं राहिलं? ताडपत्री हाय, ते घेऊन जा."

"त्या पाळण्यातले टाके तुमचे?"

"माहेच. पाच डाव घातले, पाच डाव उसवले. म्हने आतली वस्तू पापडावानी नाजूक हाय अन् उडाली पाहिजे गोळीवानी. मी म्हटलं, आधी ठरवा तुमी, पापड का गोळी." ती टेकली. "दीड वर्ष झालं, याईनं एक ट्रॉली हाती घेतली नाई. सारं गाव म्हन्ते मिस्त्री खुळा झाला, कोहळे उडवून राहिला. मी म्हटलं, म्हनू द्या, एक दिवस समजंन त्याईले. आता उद्या नाई गेली तं गावाचंच खरं होईन ना बाई. मंग मी कोणाले काय सांगू?"

तेवढ्यात दारात नागपूर पासिंगची गाडी थांबली. उतरलेला तरुण साध्या कपड्यात होता, पण केस आणि चाल लपत नव्हती. बोलणं साताऱ्याकडचं.

"मिस्त्री आहेत का? काल दुपारपासून फोन लागत नाहीये."

मिस्त्रीच्या बायकोनं झाडूनंच माझ्याकडे खूण केली. "याईले विचारा. फोन याईच्याकडं आरती करून राहिला."

तो कॅप्टन निघाला. ओळखपत्र पाहिलं, पण ओळखपत्रावर मी विश्वास ठेवत नाही. त्याला ठाण्यात बसवून वरच्या साहेबांमार्फत खात्री करून घेतली. दोन तास गेले, तो बिचारा मुकाट्यानं चहा पीत बसला. खात्री झाल्यावर मिस्त्रीला बोलावलं आणि कॅप्टननं त्याला माझ्यासमोर बोलायची मोकळीक दिली.

मशीन होती लहान ड्रोन उडवायची. डोंगरात जवानांना पलीकडच्या खोऱ्यात काय आहे ते पाहायचं असतं, ड्रोनला धावायला सपाट जागा नसते, मग असं गोफणीसारखं भिरकावून द्यावं लागतं. नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं ड्रोन केलं आणि भिरकावणारी मशीन मिस्त्रीला करायला दिली. खरं ड्रोन रोज आपटून कसं चालेल, म्हणून त्याच वजनाचं कोहळं.

"म्हणजे गोफणच आहे की," मुंशी म्हणाले. त्यांना अजून आशा होती.

सोमवारी उत्तरेकडच्या डोंगरात चाचणी होती आणि रस्ता दोन-अडीच दिवसांचा. मी कॅप्टनला म्हटलं, "अहो, चार दिवस पुढे ढकलायला सांगा ना."

तो ओशाळून हसला. "मॅडम, तेच तर सांगू शकत नाही. पूर्वी आमच्याकडे काय व्हायचं सांगतो. काय पाहिजे हे एका कार्यालयात लिहायचे. वस्तू दुसरीकडे बनायची, तपासायचे तिसरे. आणि ज्या जवानाला ती खांद्यावरून न्यायची, त्याला ती शेवटी दिसायची, तोवर त्याचे केस पिकलेले. प्रत्येक जण कागदात एक-एक कलम वाढवायचा. बर्फ, वाळवंट, पाणी, खेचर. एवढं सगळं करणारी वस्तू जगात मिळत नाही."

"एवढं सगळं करणारी माझी सासू होती," मी म्हटलं. "तीसुद्धा तरंगली नसती."

"मग मुदतवाढ, मग अजून मुदतवाढ. आता नवीन पद्धत आहे. जवान पहिल्या दिवसापासून मिस्त्रीजवळ बसतो. थोडं बनवा, आमच्याकडे आणा, आम्ही तोडून पाहू, सुधारा, मग थोडं घेऊ. आणि तारखेला जो येईल तो येईल, कोणासाठी थांबायचं नाही. या मुदतवाढीविरुद्ध सगळ्यात जास्त ओरडणाऱ्यांत मी होतो. आता मीच कोणत्या तोंडानं मागू?"

मला आमच्या ढाली आठवल्या. गोटमारीच्या बंदोबस्तासाठी बऱ्याच वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर नवीन ढाली आल्या होत्या. दिसायला देखण्या. पण पकडायची मूठ पुढच्या पत्र्याला इतकी चिकटलेली, की दगड ढालीवर बसला की बोटं सुजायची. आमचे शिपाई ढाल पाठीला बांधून उभे राहायचे आणि दगड आला की पाठ फिरवायचे. ज्यानं ती मूठ मंजूर केली तो नदीच्या काठावर एक तास उभा राहिला असता तर सगळ्यांची बोटं वाचली असती. हे सांगितलं तर कॅप्टन म्हणाला, "तुम्ही वर लिहिलं का?"

"लिहिलं ना. उत्तर आलं, ढाली तपासून घेतल्या आहेत, सबब तक्रार बरोबर नाही."

"तेच," तो म्हणाला. "'आमचं चुकलं' एवढं लिहायला कोणी तयार नसतं, म्हणून बिघडलेली वस्तू वर्षानुवर्षं पुढे सरकत राहते."

तो सहज बोलला. मला मात्र ते बसलं, कारण त्याच वेळी माझ्या टेबलावर माझीच फाईल उघडी होती.

मुंशींनी रस्ता काढला. "सुपुर्दनाम्यावर देऊन टाकू मॅडम. कोर्ट म्हन्ते घेऊन जा, बोलावलं का हजर करा. आपला गुन्हा आपल्या जागी, मशीन तिच्या जागी. कोणाचंच काई वाकडं नाई."

मिस्त्रीनं विचारलं, "त्यात काई शर्त राह्यते का जी?"

"एकच. वस्तू हाय तशी ठेवाची. काई बदल कराचा नाई, तोडाची नाई."

"मंग कसं होईन? तिथं जवान तिले तोडूनच पाह्यतीन. तोडाले तं घेऊन चाललो."

मग एकच मार्ग राहत होता, खारिजी. म्हणजे गुन्हा घडलाच नाही, नोंद चुकीची होती, असं तपास अधिकाऱ्यानं लिहून कोर्टाला कळवायचं. तपास अधिकारी मीच.

मिस्त्री आणि कॅप्टन बाहेर गेल्यावर मुंशी दार लोटून म्हणाले, "मॅडम, चार महिने राह्यले. कायले आपल्या हातानं लिवून घेता? असं लिवू का, पंचाईच्या सांगण्यावरून गैरसमज झाला?"

पंच म्हणजे कोण, तर रस्त्यावरून धरून आणलेले दोन शेतकरी. त्यांनी सही करण्यापलीकडे काय केलं होतं?

मी लिहायला बसले. खोटं कशाला सांगू, पहिला कागद मुंशींच्याच वळणाचा झाला. 'प्रथमदर्शनी असे वाटल्याने, परिस्थितीवरून असे दिसून आल्याने, जप्तीची कारवाई करण्यात आली.' वाचून पाहिला. त्यात चूक होती पण चुकणारं माणूसच नव्हतं. जणू मशीन आपोआप जप्त झाली आणि वाऱ्यानं मालखान्याचं दार लावलं. ढालीच्या उत्तराचीही भाषा हीच होती. तो कागद फाडला. दुसऱ्यावर चार ओळी लिहिल्या: 'सदर वस्तू गोफण नाही. मी ती न तपासता गोफण समजून जप्त केली. गुन्हा घडलेला नाही. चूक माझी आहे.' आणि खाली सही केली.

शुक्रवारी कोर्टात न्यायाधीश साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. तरुण होते. चष्मा काढून म्हणाले, "गोफण नाही हे कशावरून?"

"साहेब, आत गादी आहे."

ते उठून आवारात आले. मशीन पाहिली, गादीला बोट लावून पाहिलं, टाके कोणी घातले विचारलं. मिस्त्रीसोबत आलेली त्याची बायको पदर सावरून म्हणाली, "मी जी." साहेबांनी वर जाऊन आदेश लिहिला. त्यांचे बाबू मागून मला विचारत होते, ही बाजारात कधी येईल.

सील तोडणं, मालखाना रजिस्टरला नोंद, पावती, सह्या, हे सगळं होईपर्यंत साडेचार वाजले. मेलेला फोन मिस्त्रीच्या हाती दिला. मशीन दोघांनी उचलून पिकअपमध्ये ठेवली आणि गाडी ठाण्याच्या वळणावरच अडकली. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळं गाव बैल धुऊन परत आणत होतं. रस्ताभर बैल, आणि बैलाला हॉर्न कळत नाही. मी शिट्टी घेऊन गाडीपुढे चालत निघाले. साठी ओलांडलेली बाई, खाकीत, शिट्टी फुंकत बैल बाजूला करून राहिली आहे आणि मागे लष्कराची गोफण. पानठेल्यावरचा माझा मुखबिर तोंडातलं पान विसरून पाहत होता. त्याला वाटलं असेल, मॅडम स्वतःच मशीन काठावर पोचवून राहिल्या.

फाट्यावर मिस्त्री गाडीतून वाकून म्हणाला, "मॅडम, तुमाले काई होईन का याच्यानं?"

मी म्हटलं, "तुम्ही निघा मिस्त्री, उशीर होऊन राहिला." मंगळवारी त्याला मी अरे-तुरे करत होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो पेढे घेऊन ठाण्यात आला. चाचणीत तिसऱ्या फेकीला मशीनचा एक पाय तुटला होता. "फौजेच्या सुभेदारानं तिथंच रजिस्टरात लिवलं, पाय तुटला. मी समजलो, गेलं सारं. तं ते म्हन्ते, तुटला ते चांगलं झालं, आता कुठी तुटते ते माहीत झालं. दोन जवान बसले माह्याजवळ, म्हने पाय चार बोटं मागं घ्या, गोट्यावर टिकत नाई. म्या तिथंच वेल्डिंग केलं. मंग दिवसभर फेकली." पहिली छोटी खेप त्यालाच बनवायला मिळाली. कागदातलं तरंगायचं कलम कोणीतरी खोडून टाकलं, असंही त्यानं सांगितलं.

मला वरून स्पष्टीकरण मागितलं. मोठे साहेब भले होते, म्हणाले, "बाई, एवढं उघडं कशाला लिहिलं? थोडं गोल लिहिलं असतं तर मलाही काही करता आलं असतं." मग मला शिक्षा झाली. आमच्या खात्यात त्या शिक्षेचं नावच 'निंदा' आहे, ती सर्व्हिस बुकात चढते. घरी सांगितलं तेव्हा नणंद म्हणाली, "एवढ्यासाठी सरकारचा कागद कायले? मी तं फुकट करत होती."

मला या प्रकरणानं काय शिकवलं, ते मोठ्या शब्दांत मला सांगता येत नाही. मशीन करणारा चुकतो, विकत घेणारा चुकतो, जप्त करणारीही चुकते. त्यानं फार बिघडत नाही. बिघडतं ते 'करण्यात आले' लिहिल्यानं, कारण त्या कागदात दुरुस्त करायला कोणी सापडतच नाही. फौजेला हे कळायला इतकी वर्षं लागली, आणि मला कळलं ते निवृत्तीला चार महिने असताना. आधी कळलं असतं तर ढालींबद्दल मी एका पत्रावर थांबले नसते.

निरोप समारंभ ठाण्याच्या आवारात झाला. मुंशींनी माझा सेवेचा अहवाल वाचला. बक्षिसं वाचली, प्रशस्तिपत्रं वाचली आणि मायेनं पान उलटून पुढे गेले. मी त्यांना थांबवलं. "मुंशीजी, एक राहिलं."

"राहू द्या ना मॅडम, आजच्या दिवशी."

"वाचा."

त्यांनी खाली मान घालून वाचलं, "न तपासता जप्ती केल्याबद्दल, निंदा एक."

कोणी चपलेकडे, कोणी हाराकडे पाहू लागलं. मग मागच्या रांगेतून मिस्त्रीच्या बायकोनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मिस्त्रीनं तिला कोपरानं ढोसलं, "अवो, इथं नाई वाजवत."

"वाजवू द्या," ती म्हणाली. "बाकीचं सारं सरकारनं त्याईच्यासाठी लिवलं. हे एक त्याईनं आपल्या दोघाईसाठी लिवून घेतलं."